कारवारच्या आमच्या जुन्या जागेत राहणाऱ्या सर्वांना

प्रति,
कारवारात आमच्या घराच्या जागी उभ्या असलेल्या इमारतीतले सर्व रहिवासी,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी कोणी मला ओळखत नाही. मी बेळगावला टिळकवाडीत राहते. मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. तुमच्या पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात जी विहीर आहे, तिच्यात लहानपणी दोनदा कळशी पाडून आजीची बोलणी खाल्ली आहेत. एवढी ओळख पुरे.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एका ताईंचा फोन आला. विहिरीच्या कठड्यातल्या एका दगडावर काही कोरलंय, ते कोणाला वाचता येतं का म्हणून त्यांनी फोटो काढून ओळखीच्यांना पाठवला होता. तो फिरत फिरत माझ्या भाच्याकडे पोचला आणि त्याच्याकडून माझ्याकडे. दगडावर ‘शके १८२७ वैशाख’ असं आहे, म्हणजे इसवी सन १९०५. बोलता बोलता त्या म्हणाल्या की विहीर बुजवून तिथे दोन गाड्यांची सोय करायचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरत आलंय. पावसाच्या आधी भर टाकायची आणि वर काँक्रीट. म्हणून हे पत्र. जाहीर अशासाठी की सेक्रेटरींच्या नावाने घातलेलं पत्र सेक्रेटरींच्याच टेबलावर राहतं. मीही आमच्या गल्लीच्या मंडळाची सेक्रेटरी होते, त्यामुळे हे मला पक्कं माहीत आहे.

तुमच्यात कैग्याच्या अणुवीज प्रकल्पात नोकरी करणारे आहेत, नौदलाचे आहेत, केरळचे आहेत, आंध्रचे आहेत असं कळलं. पत्र मराठीत लिहितेय कारण मला ह्याच भाषेत मनासारखं लिहिता येतं. ज्यांना वाचता येईल त्यांनी बाकीच्यांना सांगावं. माझी नात याचं कानडी करून देणार आहे. तिचं कानडी माझ्यापेक्षा कितीतरी बरं आहे. तिच्या आजोबांना हे रुचलं नसतं, पण ते आता नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनात धास्ती राहायला नको. ते घर आमच्याकडून कोणी हिसकावून घेतलं नाही. रस्तारुंदीत गेलं नाही, कुठल्या प्रकल्पात गेलं नाही. आम्हीच विकलं. खरेदीपत्रावर सतरा सह्या आहेत आणि त्यातली एक माझी आहे. तुमच्या फ्लॅटवर माझा काडीचा हक्क नाही आणि मला तो नकोही आहे.

पण ज्या जागेवर आपण झोपतो ती कशी झाली हे माहीत असलेलं बरं, म्हणून थोडं सांगते.

तुमचं कारवार हे शहर म्हणून फार जुनं नाही. खाडीपलीकडचा सदाशिवगड जुना, इंग्रजांची वखार जुनी, पण आजचं कारवार वाढलं ते कापसामुळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. तेव्हा धारवाडकडच्या कापसाला जवळचं बंदर हवं म्हणून १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला. घाटरस्ते फोडले, बंदर वाढवायचे आराखडे झाले, रेल्वे येणार येणार म्हणून जमिनींचे भाव चढले. आणि रेल्वे तेव्हा आलीच नाही. इंग्रजांनी पोर्तुगीजांशी करार केला आणि १८८०च्या दशकात लोहमार्ग लोंढ्याहून वळून कॅसलरॉकच्या घाटातून मुरगावला उतरला. बेळगावच्या स्टेशनात मी आजही ती गाडी बघते, तेव्हा मनात येतं, ही खरं तर कारवारला जायची होती. हुबळी-अंकोला मार्गाचं अजून चाललंयच, ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक असेल.

माझे पणजोबा मूळचे शहापूरचे. आता शहापूर बेळगावातच धरतात, तेव्हा ते सांगली संस्थानात होतं. दक्षिण विभागाच्या कमिशनरची कचेरी बेळगावात. धारवाड, विजापूर, रत्नागिरी, कारवार हे सगळे जिल्हे तिच्याखाली, त्यामुळे बेळगावच्या कारकुनाची बदली कारवारला होणं म्हणजे रोजचीच गोष्ट. पणजोबा कोर्टात नाझराच्या हाताखाली कारकून म्हणून गेले, दोन वर्षांत परत येतो म्हणाले, आणि तिथेच राहिले. पणजीला म्हणे समुद्राचा आवाज सहन होत नसे. पहिलं वर्षभर ती कानात कापूस घालून झोपायची.

घर कधीचं, यावर आमच्यात पुष्कळ वर्षं वाद होता. काका छातीठोकपणे १८६५ सांगायचे. पुरावा काय, तर कौलांवर छापलंय. खरंच छापलेलं होतं. मंगळूरच्या बासेल मिशनची कौलं, पाठीवर ठळक १८६५. काका पाहुण्यांना शिडीवर चढवून ते दाखवायचे. पुढे कळलं की तो कारखाना सुरू झाल्याचा सन आहे, कौल भाजल्याचा नव्हे. पुढची कितीतरी वर्षं तो प्रत्येक कौलावर उमटत राहिला. म्हणजे १८६५ची कौलं असलेली घरं किनाऱ्यावर हजारांनी असतील आणि त्यातल्या प्रत्येकात एकेक काका असतील.

दुसरी दंतकथा रवींद्रनाथांची. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ टागोर कारवारला जिल्हा न्यायाधीश होते आणि तरुणपणी रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले, तिथे एक नाटक लिहिलं, हे खरं आहे. तुमच्या किनाऱ्याला त्यांचं नाव आहे ते त्यामुळेच. पण ते आमच्या ओट्यावर बसून पाणी प्यायले, हे आजी सांगायची ते खरं नाही. ती भेट १८८०च्या दशकाच्या सुरुवातीची. ओटा झाला १९०५ला, आणि त्या भेटीच्या वेळी पणजोबा शहापुरात विटीदांडू खेळत असतील. कारवारातल्या दर जुन्या घराच्या ओट्यावर रवींद्रनाथ पाणी प्यालेले आहेत. माणसाला किती तहान लागावी!

खरा पुरावा दोन ठिकाणी होता. एक तुमच्या विहिरीवरचा दगड, आणि दुसरी पणजोबांची बांधकामाची वही. वही मोडी लिपीत आहे. जाणकाराकडून वाचून घेतली तर पहिली सहा पानं घराची नाहीतच, विहिरीची आहेत. आधी विहीर खणली, तिला गोडं पाणी लागलं, मगच घराचा पाया घातला. चिरे किती, काळी नदीच्या शिंपल्यांचा चुना किती खंडी, चुन्यात घालायला गूळ किती. एका ठिकाणी ‘पाणी लागले, गडी लोकांस गूळ-खोबरे’ एवढंच आहे आणि पुढचं अर्धं पान कोरं. पणजोबा एक ओळही कोरी न सोडणारे होते. ते अर्धं पान त्यांनी का सोडलं असेल, याचा मी बराच विचार केलाय.

आणखी एक गंमत सांगते. आमच्या बेळगावकरांना ती फारशी आवडायची नाही. वही मोडीत, घरातलं बोलणं निम्मं मराठी निम्मं कोकणी, पण जागेचं मूळ खरेदीपत्र कानडीत आहे. मुंबई इलाखा असूनही कारवारच्या कचेरीत कानडीच चालायची. मी लहानपणापासून मोर्च्यांत ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ओरडत आलेय. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळत आलेय. १९५६ला आम्हाला मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घातलं तेही १ नोव्हेंबरला, १९७३ला म्हैसूरचं कर्नाटक झालं तेही त्याच दिवशी, २०१४ला बेळगावचं बेळगावी झालं तेही त्याच दिवशी. सीमाप्रश्नाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि मी माझ्या मतावर आहे, ते तुमच्यापासून लपवत नाही. पण घोषणेतला दुसरा शब्द आम्ही साठ वर्षं ओरडलो, आणि त्या दुसऱ्या शब्दात आमची जी दहा गुंठे जागा होती तिची कौलं चाळायला मात्र आमच्यातल्या कोणाला सवड झाली नाही.

मे महिन्यात आम्ही बेळगावहून जायचो. खानापूर, लोंढा, मग सुप्यावरून. ते जुनं सुपे आता धरणाच्या पाण्याखाली आहे. पुढे अणशीचा घाट, कद्रा, आणि कारवार जवळ आलं की बसच्या खिडकीतून दमट वारा तोंडावर यायचा. आई डब्यातून कुंदा न्यायची. परतताना आजी सोलं आणि अंकोल्याचे इशाड आंबे द्यायची. आंबे लोंढ्यापर्यंतच संपायचे.

घराचं वर्णन करत बसत नाही. ओटा, पडवी, माजघर, देवघर, मागे न्हाणी, तसलं घर तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असणारच. विहीर मात्र मागच्या दाराला अगदी लागून होती. समुद्र चालत पाच मिनिटांवर आणि पाणी नारळाच्या पाण्याइतकं गोडं. १९६१ साली डिसेंबरात गोव्याची कारवाई झाली तेव्हा माझी धाकटी आत्या शाळेत होती. त्याच्या महिनाभर आधी कारवारसमोरच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी आपल्या ‘साबरमती’ बोटीवर गोळ्या झाडल्या होत्या, त्यामुळे गाव घाबरलेलंच होतं. १८ डिसेंबरला आपलं नौदल अंजदीववर उतरलं, सात जण कामी आले. आत्या सांगायची, तोफेचा आवाज आला की कौलांतून धूळ गळायची आणि आजी म्हणायची, ‘झाकण घाल बांयीवर आधी!’ बांय म्हणजे विहीर. पोरं जिन्याखाली नंतर, आधी विहिरीवर झाकण. त्या आठवड्यात रस्त्याने जाणाऱ्या जवानांनी त्या विहिरीचं पाणी पिंपं भरभरून नेलं. आज तुमच्यात नौदलातली कुटुंबं आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता घर गेलं कसं, ते.

आजोबा गेले, मग आजी गेली, वडील नोकरीमुळे बेळगावातच राहिले होते. एक काका पुण्याला, एक मडगावला. घरात राखणीला एक कुटुंब ठेवलं होतं. कौलारू घराची दरवर्षी पावसाआधी कौलं चाळावी लागतात, फुटकी बदलावी लागतात. एवढं केलं तर ते शंभर वर्षं उभं राहतं, आणि एक वर्ष चुकलं तर पाणी थेट लाकडात जातं. खर्चाच्या पाळ्या लावल्या होत्या. एका वर्षी पाळी माझी होती. घरात लग्न होतं, हात आखडलेला होता, मी म्हटलं पुढच्या वर्षी दुप्पट देईन. त्या पावसात देवघरावरची तुळई भिजली. तिला वाळवी लागली. पुढच्या वर्षी दुप्पट पैसे खरंच दिले, पण वाळवीला त्याचं काय!

त्यानंतर एकेक जण ‘काढून टाकू’ म्हणायला लागला. चुलतभाऊ म्हणाला, राहणार कोण आहे तिथे? त्याला उत्तर नव्हतं. आत्यांनी पूर्वीच साडी-चोळीवर हक्कसोड करून दिली होती. मोठीला ते कधी पटलं नव्हतं, तरी विक्रीच्या वेळी बिल्डरने पुन्हा त्यांच्या सह्या मागितल्या, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘दोनदा सोडायला लावलं रे तुम्ही.’ सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत अंगठा मशीनवर, तोंड कॅमेऱ्याकडे. कागद अर्थातच कानडी. मी मराठीत सही केली. कारकुनाने नुसतं वर पाहिलं आणि पान उलटलं.

पाडायला सुरुवात झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी गेले. जायला नको होतं. कौलं हाताने उतरवली होती, कारण ती हजाराच्या भावाने विकली जातात. खांब, दारं, चौकटी ट्रकवर चढत होत्या. गोव्यात हॉटेलवाले जुनं लाकूड चांगल्या भावाने घेतात म्हणे. कुठल्यातरी रिसॉर्टच्या बारमध्ये आमच्या माजघराचे खांब असतील. ते ट्रक काळीवरच्या ज्या जुन्या पुलावरून गेले, तो पूलही ७ ऑगस्ट २०२४ला, मध्यरात्र उलटल्यावर, नदीत कोसळला. तुमच्या घराला तो आवाज आला असेल. पूल पुरती पन्नास वर्षंही टिकला नाही. आमच्या चिऱ्याच्या भिंतींना मात्र जेसीबीला चार दिवस लागले. स्वयंपाकघराच्या दारामागची भिंत पडताना तिचा पापुद्रा आधी सुटला. त्याखाली दुसरा, तिसरा. पांढरा, निळा, पिस्ता, परत निळा. सगळ्यात खालच्या चुन्यावर कोळशाच्या उभ्या रेघा होत्या, पाचापाचांच्या जुड्या. दुधाचा हिशेब. कोणत्या बाईचा, कोणत्या महिन्याचा, काय कळणार! सत्तावीस रेघा होत्या. मी मोजल्या आणि तेवढ्यात भिंत गेली.

विहीर बिल्डरने ठेवली, ती काही प्रेमापोटी नव्हे. बांधकामाला पाणी लागत होतं म्हणून. त्याच पाण्यात कालवलेल्या सिमेंटच्या भिंतींत तुम्ही राहता.

आता मुद्द्याचं. ताई फोनवर म्हणाल्या, बोअरला पाणी भरपूर आहे, पण मार्च-एप्रिलपासून मचूळ लागतं, मग टँकर. याचं कारण भूगोलाच्या बाईने सांगितलेलं बरं. समुद्राकाठच्या जमिनीत खाली खारं पाणी असतं आणि त्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. हिशेब असा की समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी जर एक फूट असेल, तर खाली त्याची जाडी चाळीसेक फुटांची असते. म्हणजे वरची पातळी पंप लावून फूटभर उतरवलीत की खालून खारं पाणी चाळीस फूट वर चढू पाहतं. खोल बोअर नेमका तळातून खेचतो. पणजोबांना हा हिशेब माहीत नव्हता, पण त्यांनी विहीर बावीस फुटांवर थांबवली. वहीत ‘पुढे खणू नये’ असं गवंड्याचं म्हणणं नोंदलंय. कळशी-कळशीने वरचं पाणी काढायचं, तेवढंच पावसात परत भरायचं. शंभरावर वर्षं ती कधी खारी झाली नाही.

तुमच्या गच्चीवर कारवारचा पाऊस पडतो. तो सगळा पाइपाने गटारात जातो, असं ताई म्हणाल्या. ते पाइप वाळू-खडीच्या गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडा. दरवर्षी मे महिन्यात गाळ काढा. तोंडावर लोखंडी जाळी बसवा, पोरंबाळं असतात. बोअरचा पंप निम्मा वेळ चालवा. दोन पावसाळ्यांत फरक पडेल असं मला वाटतं. नाही पडला तर मला शिव्या द्या, पत्ता ताईंकडे आहे. आणि बुजवायचीच म्हणालात, तर एवढं ध्यानात घ्या की विहिरीतली भर वर्षानुवर्षं खचत राहते. तिच्यावर उभ्या केलेल्या गाडीखालचं काँक्रीट तडकणार, मग दुरुस्तीची वर्गणी, मग मीटिंग. सोसायटीच्या मीटिंगा कशा असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आमच्या घराण्याच्या नावाची पाटीबिटी काही लावू नका. तो शकाचा दगड आहे तिथेच राहू द्या, त्याला ऑइलपेंट मात्र फासू नका.

एक वस्तू माझ्याकडे आहे. घर पाडलं त्या दिवशी विहिरीच्या आडव्या दांड्यावरचा गडगडा कोणाच्या लक्षात आला नव्हता. मी कामगाराकडून शंभर रुपयांना घेतला आणि पिशवीत घालून बेळगावला आणला. बिडाचा आहे, आस पितळेचा. गेली काही वर्षं आमच्या बाल्कनीत कुंडीखाली होता. परवा घासला, तेल सोडलं, फिरतो. जाळी बसवायच्या वेळी कळवा, भाचा गोव्याला जाताना तुमच्याकडे देऊन जाईल. दोर मात्र तुम्ही घ्या. बाजारात नायलॉनचा देतील, तो हाताला काचतो, काथ्याचा मागा. तीस फूट पुरेल.

आपली,
बेळगावची एक माहेरवाशीण